मांजराच्या एक्स-रेमध्ये खांद्यापुढे दिसणारे बारीक हाड कशाचे?

गिरगावची_मनी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही गिरगावात एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या घरी आठ महिन्यांची मांजरी आहे, मनी. गेल्या मंगळवारी संध्याकाळी कावळ्याच्या मागे लागून ती गॅलरीच्या कठड्यावरून खाली अंगणातल्या फरशीवर पडली. शुद्धीवर होती, स्वतःच उठून जिन्याखाली जाऊन बसली, परंतु तेव्हापासून उजवा मागचा पाय ती जमिनीला टेकवत नाही.

त्याच रात्री एका दवाखान्यात दोन एक्स-रे काढले. एक संपूर्ण अंगाचा, कुशीवर निजवून. दुसरा उजव्या मागच्या पायाचा, तोही कुशीवरूनच. त्यावरून आम्हाला तीन गोष्टी सांगण्यात आल्या. खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी, एक बारीक, किंचित वाकलेली पांढरी रेघ आहे. तो माशाचा काटा असावा आणि भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागेल. गुडघ्याच्या मागे एक गोल ठिपका आहे. तो हाडाचा टवका असू शकतो. आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आडवी काळी रेघ आहे. तो तडा असू शकतो.

मनी मांदेली आणि बोंबील आवडीने खाते, त्यामुळे काट्याची गोष्ट मला लगेच पटली. मात्र ती नेहमीसारखी खाते आहे, गिळताना मान ताणत नाही, लाळ गाळत नाही. शेजाऱ्यांच्या पाच वर्षांच्या कुत्र्याचा गेल्या वर्षीचा एक्स-रे त्यांच्याकडे होता. तो मागून आणला आणि दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावून पाहिल्या. कुत्र्याच्या खांद्यापुढे अशी रेघ कुठेच नाही. त्याच्या गुडघ्यामागे मात्र एक नव्हे, दोन ठिपके आहेत, आणि तो तर व्यवस्थित धावतो. काळी रेघ त्याच्या हाडात नाही.

यांपैकी इजा कोणती आणि निसर्गतःच असलेले काय, हे भूल देण्यापूर्वी समजून घ्यावे असे वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

परळचा_पशुवैद्य

ताई, पायाच्या आधी छातीविषयी विचारतो. उंचावरून पडलेल्या मांजराच्या फुप्फुसाभोवती हवा साठलेली असू शकते, टाळू चिरलेला असू शकतो, मूत्राशयाला मार लागलेला असू शकतो. मनीचा श्वास शांत आहे का, ती लघवी करते का, हे आजच पाहा. यांत काही बिघाड दिसला तर पुढचे वाचत न बसता तिला तत्काळ दवाखान्यात न्या. दुखणे कमी व्हावे म्हणून घरातील पॅरासिटामॉल देऊ नका; मांजराला त्याची अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते.

आता हाडांविषयी. फिल्म प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, परंतु तुम्ही केलेल्या वर्णनावरून पहिल्या गोष्टीबद्दल माझे मत बऱ्यापैकी ठाम आहे. ती रेघ बहुधा मनीचे स्वतःचे हाड आहे. त्याला आपण क्लॅव्हिकल म्हणतो. आपल्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना हाताला लागते तेच हे हाड. आपल्यात त्याचे एक टोक छातीच्या मधल्या हाडाला आणि दुसरे खांद्याच्या पात्याला सांध्याने जोडलेले असते. मांजरात ते काडीएवढे उरले आहे आणि त्याचे कोणतेही टोक दुसऱ्या हाडाला जोडलेले नाही. मानेकडून दंडाकडे उतरणाऱ्या स्नायूत ते रुतून बसलेले असते. कुत्र्यात तेवढेही राहिलेले नाही. त्याच्या त्याच स्नायूत आडवी तंतुमय पट्टी असते, क्वचित तिच्यात कूर्चेचा किंवा हाडाचा लहानसा अंश असतो, पण एक्स-रेमध्ये तो सहसा दिसत नाही. शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या फिल्मवर तुम्हाला काही सापडले नाही ते यामुळेच.

कुशीवर निजवून काढलेल्या फिल्ममध्ये हे हाड नेमके अन्ननलिका आणि श्वासनलिका छातीत शिरतात त्या भागावर पडते, आणि पाहणाऱ्याला ते अन्ननलिकेतच आहे असे वाटते. याची शहानिशा करणे अवघड नाही. मनीला उताणे निजवून आणखी एक फिल्म काढायला सांगा. क्लॅव्हिकल असेल तर मध्यरेषेच्या डाव्या-उजव्या बाजूंना, खांद्याच्या सांध्यापुढे, एकमेकांची प्रतिबिंबे वाटावीत अशा दोन रेघा दिसतील. काटा असेल तर तो एकच असेल आणि अन्ननलिकेच्या वाटेवर, म्हणजे मध्यरेषेलगत असेल. शिवाय मांदेलीचे केसासारखे काटे एक्स-रेमध्ये इतके ठळक उमटतील, याचीही खात्री नसते. एका दिशेने काढलेल्या फिल्मवर परक्या वस्तूचे निदान करून भूल देऊ नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे, आणि तुम्ही थांबून प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला.

या हाडाविषयी आणखी थोडे सांगतो, कारण मनी पडली कशी आणि वाचली कशी याच्याशी त्याचा संबंध आहे. कुत्रा आणि मांजर या दोघांचाही पुढचा पाय धडाला सांध्याने जोडलेला नाही. खांद्याचे पाते, म्हणजे स्कॅप्युला, छातीच्या पिंजऱ्याला केवळ स्नायूंनी बांधलेले आहे. झोळीत ठेवावे तसे धड दोन पात्यांच्या मध्ये टांगलेले असते. माणूस हातावर पडला की धक्का सरळ क्लॅव्हिकलमधून धडाकडे जातो आणि बऱ्याचदा तेच हाड मोडते. मांजर पुढच्या पायांवर उतरते तेव्हा पाती स्नायूंवर वर सरकतात आणि धक्क्याचा मोठा भाग तिथेच जिरतो. खिडकीच्या गजांतून डोके गेले की उरलेले अंगही निघते, त्यालाही खांद्याची ही मोकळीक कारणीभूत आहे. मागच्या पायाला अशी सोय नाही. तो खुब्याच्या खोलगट वाटीत बसवलेला आहे आणि कटीची हाडे पाठीच्या कण्याला घट्ट जोडलेली आहेत, त्यामुळे मागच्या पायांवर आलेला भार मांडीच्या व नडगीच्या हाडांनाच सोसावा लागतो.

गुडघ्यामागच्या ठिपक्याची फारशी चिंता करू नका. पोटरीच्या मोठ्या स्नायूची दोन मुळे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकामागे जिथे चिकटतात तिथे कुत्र्यामध्ये दोन वाटाण्यासारखी हाडे असतात, त्यांना फॅबेला म्हणतात. मांजरात बाहेरच्या बाजूची फॅबेला स्पष्ट दिसते आणि आतल्या बाजूची लहान असते, कित्येकदा दिसतच नाही. त्यांच्या थोडे खाली आणखी एक बारीक हाड असते. गुडघ्याची वाटी धरली तर एका गुडघ्याभोवती अशी चार सुटी हाडे होतात. हाडाचा तुटलेला टवका कडेला ओबडधोबड असतो, तर फॅबेला गोल आणि गुळगुळीत असते.

तिसरी गोष्ट मात्र मी तशी सोडून देणार नाही. आठ महिन्यांच्या मांजराच्या फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, खालच्या टोकाशी वाढीची पट्टी, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढते ती जागा, उघडी असणे स्वाभाविक आहे. ती कूर्चेची असल्यामुळे एक्स-रेमध्ये काळी दिसते. शेजाऱ्यांचा कुत्रा पाच वर्षांचा आहे, त्याच्या पट्ट्या केव्हाच भरून गेल्या. मांजराच्या काही पट्ट्या वर्ष उलटून गेल्यावरही उघड्या राहतात, आणि लहानपणी नसबंदी केली असेल तर त्या आणखी उशिरा मिटतात. परंतु हीच पट्टी हाडातील सर्वांत दुबळी जागा असते. वाढत्या वयातील इजा हाडाच्या मध्यावर होण्याऐवजी या पट्टीतून सरकते, आणि मांजरांत फीमरचे खालचे टोक ही तशा इजेची नेहमीची जागा आहे. अशा इजांची सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली माणसांच्या मुलांसाठी केलेली वर्गवारी आम्ही प्राण्यांतही वापरतो. एकट्या काळ्या रेघेवरून ती पट्टी आहे की पट्टी सरकली आहे, हे ठरवता येत नाही. त्यासाठी डाव्या पायाची, अगदी त्याच कोनातून काढलेली फिल्म हवी. मनीच्या उजव्या पायाशी तुलना करायला मनीच्या डाव्या पायाइतके योग्य दुसरे काही नाही. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा पाय तर मुळीच नाही.

अस्थिपेटी

मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. हे महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि पहिल्या वर्षी सर्वांत जास्त वेळ हाडांपाशी जातो. आमचा मुख्य अभ्यास गायी-बैलांच्या हाडांचा असतो आणि कुत्रा-मांजर तुलनेसाठी येतात, म्हणून ताईंनी दोन फिल्म शेजारी लावून पाहिल्या हे वाचून फार बरे वाटले. आम्हीही तेच करतो, फक्त हाडे हातात घेऊन.

सरांनी खांद्याविषयी लिहिले आहे, मी त्याच्या खालच्या हाडाविषयी लिहिते. दंडाचे हाड म्हणजे ह्यूमरस. तोंडी परीक्षेत एखादा लहान कुत्र्याचा आणि एक मोठ्या बोक्याचा ह्यूमरस शेजारी ठेवतात आणि ओळखायला सांगतात. लांबीवरून काहीच कळत नाही. दोन्हींना कोपराजवळ एकेक भोक असते, पण त्या भोकांची जागा आणि काम वेगळे आहे. कुत्र्याचे भोक कोपराच्या अगदी वर, हाडाच्या मधोमध, पुढून मागे आरपार असते आणि त्यातून काहीच जात नाही. कोपर पूर्ण ताठ होताना अल्नाचे, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी एकाचे, टोक जिथे शिरते त्या खळग्याचा तळच तिथे उघडा राहिलेला असतो. मांजराचे भोक आतल्या बाजूच्या कडेला, तिरकी फट असावी तसे असते आणि त्यातून हाताची मुख्य रोहिणी आणि मिडियन नावाची नस जाते. पहिल्या वेळी मला हे नीट उमगले नव्हते. मग मी सुईत लाल दोरा ओवून तो मांजराच्या हाडातून खाली ओढला. दोरा हाडाच्या एका बारीक कमानीखालून गेला आणि कोपराच्या पुढच्या अंगाला बाहेर आला. तेव्हापासून मला एवढे पक्के कळले आहे की मांजराचा दंड कोपराजवळ मोडला तर शस्त्रक्रिया करणाऱ्याला त्या कमानीखालच्या नसेची काळजी घेऊनच पुढे जावे लागते, आणि कुत्र्यात नेमकी ही अडचण त्या जागी नसते.

कोपराच्या खाली दोन हाडे आहेत, रेडियस आणि अल्ना. गायीत ती एकमेकांना जुळून गेलेली असतात, पाय फक्त पुढे-मागे हलतो. कुत्र्यात ती सुटी आहेत पण फिरण्याला मर्यादा आहे, आणि अल्ना मनगटाकडे जाताना निमुळती होत जाते. मांजरात अल्ना खालपर्यंत चांगली जाड राहते आणि रेडियस तिच्याभोवती बराच फिरतो. म्हणून मांजर पंजा उलटा करून तोंड पुसते, पडदा धरून चढते, उंदीर दोन पंजांत पकडते. घरातील मांजराला तोंड धुताना एकदा सावकाश पाहा, मनगट किती वळते ते दिसेल.

पंजाविषयी एवढेच सांगते की ही दोन्ही जनावरे बोटांवर चालतात. मागच्या पायात मागे वाकलेला जो सांधा लोकांना उलटा गुडघा वाटतो ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो.

भांडुपचा_राजा

डॉक्टरांनी वाढीच्या पट्टीविषयी लिहिलेले वाचून मला आमच्या राजाची आठवण झाली, म्हणून लिहितो. ज्यांच्या घरी कुत्र्याचे पिल्लू आहे त्यांनी हे अवश्य वाचावे.

राजा रस्त्यावरून आणलेला गावठी कुत्रा. साडेचार महिन्यांचा असताना एका मोटारसायकलचा धक्का पुढच्या डाव्या पायाला लागला. एक्स-रे काढला, हाड मोडलेले नाही असे सांगितले, आणि आठवड्याभरात तो धावूही लागला. पुन्हा कधी दाखवायला आणा, असे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. सुमारे दोन महिन्यांनी माझ्या आईच्या लक्षात आले की तो बसला की डावा पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. मग नडगीसारखा पुढचा भाग धनुष्यासारखा वाकत गेला.

दुसऱ्या ठिकाणच्या शल्यविशारदांनी आम्हाला जे समजावले ते मी कागदावर लिहून ठेवले आहे. अल्ना हे हाड लांबीला वाढते ते मुख्यतः मनगटाजवळच्या पट्टीतून. तिच्या वाढीचा सुमारे ८५ टक्के वाटा तिथला. कुत्र्यात ही पट्टी सपाट नसून शंकूसारखी असते, कोनात कोन बसवावा तशी. त्यामुळे बाजूने धक्का बसला तरी ती सरकत नाही, चेपली जाते. चेपलेली पट्टी त्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, ती आठवड्यांनंतर वाढ थांबवून दिसते. अल्ना थांबते, शेजारचे रेडियस वाढत राहते, आणि थांबलेले हाड धनुष्याच्या दोरीसारखे काम करून वाढणाऱ्याला वाकवते. मांजरात हीच पट्टी बरीचशी सपाट असते, म्हणून त्यांच्यात हे व्यंग क्वचितच आढळते.

राजाच्या शस्त्रक्रियेत अल्नाचा एक तुकडा काढून टाकला आणि त्या फटीत त्याच्याच अंगातील चरबी भरली. हाड पुन्हा इतक्यात जुळू नये आणि रेडियसला सरळ वाढायला जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू. वय सात महिने होते, वाढ थोडीच शिल्लक होती, त्यामुळे पाय पूर्ण सरळ झाला नाही. महिनाभर आधी गेलो असतो तर अधिक उपयोग झाला असता, असे डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. पिल्लाच्या पुढच्या पायाला मार लागला असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी दर दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही पाय पुन्हा तपासून घ्या. घरीही पिल्लाला समोर उभे करून दोन्ही पंजे एकाच दिशेला आहेत का ते पाहत राहा.

गिरगावची_मनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय झाले ते सविस्तर सांगते.

परवा दुसऱ्या दवाखान्यात जाऊन तीन फिल्म काढल्या: एक उताणी निजवून, आणि दोन्ही मागचे पाय वेगवेगळे, एकाच कोनातून. छाती स्वच्छ आहे. उताण्या फिल्मवर खांद्यांच्या पुढे डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन बारीक, सारख्याच वाकलेल्या रेघा अगदी स्पष्ट दिसल्या. डॉक्टरांनी पेनाचे टोक आधी एकीवर, मग दुसरीवर ठेवले आणि सांगितले की काटे असे जोडीने बसत नाहीत. दुर्बिणीचा विषय तिथेच संपला. ठिपका दोन्ही गुडघ्यांमागे होता, त्याच जागी.

काळ्या रेघेचे मात्र तुमचे म्हणणे खरे ठरले. डाव्या पायात ती एकसारखी जाड आहे आणि तिच्या वरचा व खालचा भाग एका ओळीत आहेत. उजव्या पायात रेघ एका बाजूला रुंद झाली आहे आणि खालचे टोक किंचित मागे सरकले आहे. एकच फिल्म पाहिली असती तर मला हा फरक कधीच कळला नसता. काल दोन बारीक पिना एकमेकींना छेदतील अशा घालून ते टोक जागेवर बसवले. मनी आता मोठ्या पिंजऱ्यात आहे, गॅलरीला जाळी लावण्यासाठी माणूस उद्या येतो आहे.

डॉक्टर, एकच शंका उरली आहे. पट्टीला इजा झाली म्हणजे राजासारखा मनीचाही पाय वाकडा किंवा आखूड होईल का?

परळचा_पशुवैद्य

ताई, वेळेत गेलात, फार चांगले झाले. इजा झालेली पट्टी इतरांपेक्षा लवकर मिटू शकते, म्हणून तो पाय काही मिलिमीटर आखूड राहण्याची शक्यता आहे. परंतु आठ महिन्यांच्या मांजराच्या हाडांची लांबीची बहुतेक वाढ झालेली असते, त्यामुळे मोठा फरक पडायला अवकाशच फारसा नाही. मांडीत एकच हाड असल्यामुळे एक थांबले आणि शेजारचे वाढत राहिले, असा राजाच्या पायात झाला तसा प्रकारही इथे होत नाही. उरलेला थोडा फरक मांजर खुबा आणि गुडघा किंचित कमी वाकवून भरून काढते. गुडघा आखडू नये हे अधिक महत्त्वाचे आहे. टाके काढायला जाल तेव्हा तो हलका वाकवण्या-सोडण्याचा व्यायाम कधीपासून आणि किती करायचा ते विचारून घ्या. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा, त्या वेळीही दोन्ही पायांचा. आणि हो, उताण्या स्थितीतली ती फिल्म जपून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या दवाखान्यात मनीच्या छातीचा एक्स-रे निघाला तर आधी ती दाखवा.